नळकामानंतरची भिंत : झिरी भरण्यापासून रंगाच्या शेवटच्या हातापर्यंत

प्लंबर लाइन बदलून जातो आणि भिंतीत वरपासून खालपर्यंत एक चर राहतो. इंदूरचे मिस्त्री त्याला झिरी म्हणतात. बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी घमेलंभर सिमेंट-रेतीचा मसाला कालवून ती एका दमात बुजवली जाते, दोन दिवसांत पुट्टी आणि चौथ्या दिवशी रंग. काही महिन्यांनी झिरीच्या दोन्ही कडांवर दोन समांतर तडे उमटतात, मग पुट्टीवाल्याला बोल लावला जातो. पुट्टीचा त्यात फारसा हात नसतो. ती भिंत तडकणार की टिकणार हे झिरी भरताना, पहिल्या दोन दिवसांतच ठरलेलं असतं. म्हणून या लेखात आतल्या कामावर जास्त भर आहे, रंगाला थोडक्यात आवरलं आहे.

मसाला कालवण्याआधी

लाइनची चाचणी झाल्याशिवाय झिरीला हात लावू नका. नळ सोडून "पाणी आलं, गळत नाही" म्हणणं ही चाचणी नव्हे. दुमजली घरात गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावर पडणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम अर्धा ते पाऊण किलो असतो, कारण दहा मीटर उंचीमागे एक किलो दाब मिळतो. एवढ्या दाबाला कच्चा सांधाही तग धरतो. पुढे प्रेशर पंप बसवला, की दाब दोन-तीन किलोवर जातो आणि तोच सांधा प्लास्टरच्या आत झिरपायला लागतो. म्हणून प्लंबरकडून हातपंप लावून टेस्ट करून घ्या. नळांच्या जागी बूच, गीझरची लाइन वेगळी, आतली हवा काढलेली आणि गेजवर दहा किलो. पहिल्या काही मिनिटांत काटा थोडा खाली येतो. पाइप किंचित फुगतो, उरलेली हवा दबते. पुन्हा दाब भरा आणि तासभर काटा हलत नाही हे स्वतः पाहा. सीपीव्हीसीचे (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपचे) सांधे चिकटवल्यानंतर चोवीस तास गेल्यावरच ही टेस्ट करा. जानेवारीच्या थंडीत सोल्युशन पक्कं व्हायला वेळ लागतो, तेव्हा तर घाई नकोच.

दुसरी गोष्ट नळांच्या तोंडांची. जिथे नळ किंवा अँगल कॉक बसणार, त्या पितळी, चुडीच्या (आट्यांच्या) एल्बोचं, म्हणजे वळणाच्या जोडाचं, तोंड पूर्ण झालेल्या पृष्ठभागाच्या सपाटीत यायला हवं. आजच्या विटेच्या सपाटीत नव्हे. प्लास्टरचे १२ ते १५ मिमी, टाइल येणार असेल तर तिचे आणि खालच्या मसाल्याचे मिळून आणखी १५ ते २० मिमी, असा हिशोब लावून ओळंब्याने तपासा. तोंड खोल गेलं तर एक्स्टेंशन जोडावं लागतं आणि एक सांधा वाढतो. बाहेर आलं तर नळाची चकती भिंतीला टेकत नाही आणि त्या फटीतून पाणी भिंतीत उतरतं. मिक्सरचं गरम आणि थंड तोंड एका लेव्हलमध्ये आहे का, तेही आत्ताच पाहा. सगळ्या तोंडांत डमी प्लग घट्ट बसवा, नाहीतर मसाल्याचा खडा आत जाऊन पुढे नळाच्या आतली कार्ट्रिज अडकते.

आणि फोटो काढा. भिंतीला मेजरिंग टेप लावून, जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर वाचता येईल असा. पाच वर्षांनी गीझरचा हुक ठोकताना हाच फोटो पाइप वाचवेल.

झिरी किती खोल चालते

विटेच्या भिंतीत उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एकषष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची, म्हणजे २३० मिमी भिंतीत उभी झिरी ७५ मिमीपर्यंत चालते, आडवी फक्त ३८ मिमी. साडेचार इंची, म्हणजे ११५ मिमी भिंतीत आडवीची मर्यादा १९ मिमीवर येते. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपच २२ मिमीचा असतो, तेव्हा अशा भिंतीत आडवी झिरी मारूच नये. मल्टीतल्या, म्हणजे बहुमजली इमारतीतल्या, खोल्यांच्या मधल्या भिंती बहुधा याच जाडीच्या असतात. तिथे लाइन छताजवळून किंवा फरशीजवळून फिरवा आणि तिथून उभी खाली किंवा वर न्या. दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी झिरी येत नाही ना, हेही पाहा.

प्लंबरने छिन्नीने वेडीवाकडी फोडली असेल, तर कडा कटरने सरळ करून घ्या. कापण्याआधी त्या खोलीचा एमसीबी पाडा. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरिंगचा पाइप असतोच. डोळ्याला चष्मा, नाकाला चांगला मास्क. सिमेंट-विटेच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते, ओढणी-रुमालाने अडत नाही.

आता सगळ्यांत जास्त दुर्लक्षिलं जाणारं काम. झिरीच्या दोन्ही बाजूंचं जुनं प्लास्टर आणखी ८ सेंमीपर्यंत, विटेपर्यंत काढा. मिस्त्री नको म्हणेल, "अच्छी भली दीवार क्यों तोड़ रहे हो" असंही म्हणेल. तरी काढा. झिरीवर जाळी ताणायची ती दोन्हीकडच्या विटेवर बसायला हवी आणि जुनं प्लास्टर जागेवर असताना ती बसूच शकत नाही. फक्त झिरीपुरती कापलेली जाळी काहीच धरून ठेवत नाही. हा पट्टा काढताना कडेचं प्लास्टर हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा. पोकळ आवाज आला, तर तेवढंही उतरवा.

सामानाचा हिशोब

तीन मीटर उंच झिरी धरू. विटेत ६ सेंमी रुंद आणि ५ सेंमी खोल, वर २२ सेंमी रुंदीचा, दीड सेंमी जाडीचा प्लास्टरचा पट्टा.

आतली झिरी ९ लिटरची. पाइपचा सव्वा लिटर वजा केला की ओला मसाला ८ लिटर. कोरं सामान ओल्यापेक्षा साधारण एकतृतीयांशाने जास्त लागतं आणि थोडं वाया जातं, म्हणून १२ लिटर धरा. १:४ प्रमाणाने अडीच लिटर सिमेंट, साडेनऊ लिटर रेती. वरचा पट्टा ओला १० लिटर, कोरा १५. त्याला १:५, म्हणजे पुन्हा अडीच लिटर सिमेंट आणि साडेबारा लिटर रेती. एकूण सिमेंट पाच लिटर, म्हणजे सुमारे ७ किलो, आणि रेती २२ लिटर, दहा लिटरच्या बादल्यांनी सव्वादोन. पन्नास किलोची गोणी घेऊ नका, उरलेलं सिमेंट पावसाळ्यात दगड होतं. सुटं घेताना मूठभर चोळून पाहा. बोटांनी न फुटणारे खडे असतील, तर दुसरीकडून घ्या.

याशिवाय फायबरची जाळी, ५ मिमी घराची, अल्कलीला टिकणारी, २० सेंमी रुंद पट्टी तीन मीटर. चिकन जाळीही चालते, पण ओलसर भिंतीत ती गंजते आणि डाग वर येतो, म्हणून बाथरूमच्या भिंतीला फायबरचीच बरी. वॉटरप्रूफिंगचं द्रव मिसळायचं असेल, तर नेहमीचं प्रमाण गोणीला २०० मिली असतं, म्हणजे सात किलोला २८ मिली. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. अंदाजाने जास्त ओतलं म्हणून भिंत जास्त पक्की होत नाही, मसाला उलट कमकुवत होतो. पुट्टी दोन किलो, १८० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर, प्रायमर अर्धा लिटर. हे सगळं कॉलनीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतं. जाळी तेवढी काही जण कापून देत नाहीत, मग पूर्ण गुंडाळी घ्यावी लागते.

रेतीवर थोडं थांबायला हवं, कारण तड्यांचं मोठं कारण तीच असते. इंदुरात येणारी नर्मदेची रेती चांगली असते, पण प्रत्येक खेपेत गाळ सारखा नसतो. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोराने हलवून दोन-तीन तास ठेवा. रेतीवर गाळाचा वेगळा थर बसेल. रेतीचा थर १० सेंमी आणि गाळ ८ मिमीपेक्षा जास्त असेल, तर धुऊन घ्या. गाळ पाणी जास्त पितो आणि सुकताना आक्रसतो, तडा तिथेच जन्मतो. शेवटच्या थरासाठी रेती अडीच मिमीच्या चाळणीतून गाळा. गिट्टीच्या चुरीने झिरीचा आतला भाग भरता येतो, वरच्या थराला ती वापरू नका.

पाणी नर्मदेचंच, म्हणजे नळाचंच घ्या. पुष्कळ बोअरचं पाणी जड असतं. काहींत क्षार इतके, की मसाल्यात आणि तराईत (प्लास्टर ओलं ठेवायला पाणी मारण्यात) वापरलं तर भिंतीवर पांढरी पूड फुटते, लोणा लागल्यासारखी. नर्मदाकाठच्या जलूदहून येणारं हे पाणी रोज येईलच असं नाही, तेव्हा तराईसाठी एक पिंप आधीच भरून ठेवा.

पाइप बसवणं

पाइप झिरीत सैल हलता नको. दर मीटरला क्लिप किंवा तारेने बांधा. ठोकून वाकवून बसवू नका, ताण सांध्यावर जातो. पाइपच्या पाठीवर, विटेच्या सपाटीपर्यंत, निदान १५ ते २० मिमी मसाला बसेल एवढी खोली हवी. वर प्लास्टर आहेच.

गरम पाण्याची लाइन वेगळी वागते. सीपीव्हीसी दर मीटरला, दर अंश सेल्सियसला सुमारे ०.०६ मिमी वाढतो. गीझरचं पाणी चाळीस अंशांनी गरम झालं, तर तीन मीटर पाइप सात-साडेसात मिमी लांबायला बघतो. त्याला मसाल्याने जखडलं, की तो ताण प्लास्टरवर येतो आणि बरोबर झिरीच्या रेषेवर तडा जातो. म्हणून गरम लाइनवर फोमची नळी चढवा. ती जागेत बसत नसेल, तर निदान पातळ फोमची पट्टी गुंडाळा आणि वळणाच्या एल्बोभोवती थोडी मोकळीक सोडा.

जुनी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) लाइन तशीच ठेवून तुकडा बदलला असेल, तर तिला पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे जिप्सम) लावू देऊ नका. ओलसर जिप्सममध्ये लोखंड लवकर गंजतं. पीओपीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. बाथरूमच्या, स्वयंपाकघरातल्या किंवा सिंकच्या मागच्या झिरीत ते भरायचंच नाही. इलेक्ट्रिशियनला पाच मिनिटांत घट्ट होणारं पीओपी आवडतं, पण ते ओल धरून मऊ पडतं. शिवाय जिप्समवर सिमेंटचा थर दिला, तर दोघांची प्रक्रिया होऊन मधला सांधा फुगतो आणि सुटतो. भिंतीवर आधीच पीओपीचं पनिंग (प्लास्टरवरचा गुळगुळीत पातळ थर) असेल, तर ते पट्ट्याच्या कडेपासून पाच सेंमी मागे खरवडा, सिमेंटचं काम प्लास्टरच्या सपाटीपर्यंत करा, ते पूर्ण वाळल्यावर शेवटचा पातळ थर पीओपीचा द्या.

भरणं

आदल्या संध्याकाळी झिरी ब्रशने झाडा, पाण्याने भिजवा. सकाळी पुन्हा भिजवून अर्धा तास थांबा. वीट ओली, पण पाणी चमकत नाही अशी हवी. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी शोषून घेते, सिमेंटला पकडायला पाणीच उरत नाही आणि वाळल्यावर भिंत पोकळ वाजते. एएसी ब्लॉकच्या (सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या विटांच्या) भिंतीला मात्र असं भिजवू नका, ती पाणी पीतच राहते. तिला हलका फवारा द्या आणि ब्लॉकसाठी येणारा पॉलिमरचा तयार मसाला वापरा.

ब्रशने सिमेंटची राबडी, म्हणजे पाण्यात कालवलेलं नुसतं सिमेंट, लावा. त्यात लॅटेक्स मिसळलं तर पकड वाढते, प्रमाण डब्यावर पाहा. राबडी ओली असतानाच मसाला घाला. वाळलेली राबडी पकड देत नाही, उलट मधे काचेसारखा थर होते. तशी वाळली तर खरवडून पुन्हा लावा.

१:४ मसाला घट्टसर कालवा. मुठीत दाबला तर गोळा राहील आणि बोटांमधून पाणी गळणार नाही, एवढा. पाणी घालून अर्ध्या तासात संपेल तेवढाच करा. सुकत आलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी मारून चालवणं ही जागोजागी दिसणारी सवय आहे, तिने ताकद उरत नाही. थापीने पाइपच्या मागे आणि बाजूंना मसाला कोंबा. एका वेळी १५ ते २० मिमीपेक्षा जाड थर नको. रुंद झिरीत ओल्या विटेचे तुकडे मसाल्यात बसवा, आक्रसणं कमी होतं. विटेच्या सपाटीला आलात की थांबा, थापीच्या टोकाने पृष्ठभागावर वेड्यावाकड्या रेघा मारा आणि त्या दिवशी काम बंद. सगळी झिरी एकदम भरली, तर जाड थर स्वतःच्या वजनाने खाली बसतो, वरच्या टोकाला फट पडते आणि आत ओलावा अडकतो.

निदान चोवीस तासांनी, मधे तीन-चार वेळा पाणी मारून, वरचा थर. पट्टा भिजवा, राबडी लावा, १:५ मसाल्याचा ६ ते ७ मिमी थर द्या. त्यात जाळी दाबा, झिरीच्या दोन्हीकडे सात-सात सेंमी येईल अशी. तिला सुरकुती नको आणि विटेला चिकटूनही नको, मसाल्याच्या मधोमध हवी. वर उरलेला थर देऊन ॲल्युमिनियमची पट्टी जुन्या प्लास्टरच्या दोन्ही बाजूंवर टेकवून, करवतीसारखी हलवत खालून वर ओढा. जुन्या भिंतीपेक्षा दीड-दोन मिमी आतच ठेवा, पुट्टीला ती जागा लागते. उंच राहिलं, तर पुढे कितीही घासलं तरी तिरप्या उजेडात टेंगूळ दिसतं. लाकडी रंध्याने (प्लास्टर घोटायच्या सपाट फळीने) घोटा आणि थांबा. कोरडं सिमेंट शिंपडून गिरमाल्याने आरशासारखं करण्याचा मोह टाळा. त्या सायीवर बारीक जाळीदार तडे येतात आणि पुट्टीही धरत नाही.

जुन्या घरांची भिंत

इंदुरात रामबाग किंवा राजवाड्याच्या आसपासच्या कित्येक जुन्या घरांच्या भिंती चुन्यातल्या आहेत. नखाने खरवडून पांढरी पूड आली आणि सांधा भुसभुशीत वाटला, तर ती चुन्याची समजा. तिथे १:४ सिमेंट घातलं, तर कडक तुकडा मऊ भिंतीत बसतो आणि ऋतू बदलला की कडेने सुटतो. शिवाय भिंतीतली ओल सिमेंट अडवतं, ती बाजूच्या जुन्या गिलाव्यातून बाहेर पडते आणि तोच गळून पडायला लागतो. सिमेंट एक भाग, चुना एक भाग, रेती सहा भाग हे प्रमाण अशा भिंतीला मानवतं. कटरही इथे जपून चालवा, हादऱ्याने हातभर गिलावा एकदम निखळतो.

गळतीमुळे लाइन बदलली असेल, तर आधी भिंत वाळू द्या. ओलीचा डाग जिथवर आहे त्याच्या हातभर पुढपर्यंत प्लास्टर काढा आणि दोन-तीन आठवडे उघडी ठेवा. विटेवरचा पांढरा क्षार कोरड्या तारेच्या ब्रशने झाडून तो केर उचला. पाण्याने धुतला, तर क्षार विरघळून परत विटेत जातो.

तराई

सात दिवस पाणी मारायचं. हल्ली बाजारात बहुतेक पीपीसी (फ्लाय ॲश मिसळलेलं) सिमेंट मिळतं, त्याला दहा दिवस बरे. खोलीत पाइप सोडता येत नाही, म्हणून फवारणीची बाटली आणि भिंतीला टेकवलेलं ओलं बारदान. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवसातून चार-पाचदा लागेल. पहिले दोन दिवस पंखा बंद आणि खिडकी लावून ठेवा, गरम वाऱ्याने वरचं पाणी उडून केसासारखे तडे येतात. पावसाळ्यात पाणी कमी लागतं, पण नंतर वाळायला दुप्पट वेळ जातो, तो धरूनच रंगाऱ्याला बोलवा.

पुट्टी आणि रंग

वाळली की नाही हे हात लावून कळत नाही. दीड फूट चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि चोवीस तासांनी आतून पाहा. दव जमलं किंवा खालची भिंत गडद दिसली, तर अजून थांबा. साधारण चार आठवडे लागतात.

पुट्टी दोन पातळ हात, प्रत्येक एक-दीड मिमीच्या आत. पहिला पट्ट्यावरच, दुसरा दोन्हीकडे पाऊण फूट पुढे नेऊन शून्यावर संपवा. हा निमुळता उतारच जोड लपवतो. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा, उंचसखल लगेच दिसेल. आधी १८०, मग ३२० नंबरचा पेपर, धूळ पुसून प्रायमर. प्रायमर चुकवलात, तर नवा भाग रंग जास्त शोषतो आणि तिथे मळकट पट्टा कायम दिसतो.

रंग तेवढ्याच जागेला लावून मिळत नाही. जुना डबा जपून ठेवला असला, तरी भिंतीवरचा रंग दोन वर्षांत उतरलेला असतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा.

तडा आलाच तर

झिरीच्या दोन्ही कडांवर सरळ रेघा : पट्टा रुंद कापला नव्हता किंवा जाळी नव्हती. रेघ व्ही आकारात ४-५ मिमी कोरून लवचीक ॲक्रिलिक भरणी घाला, वर जाळीची टेप आणि पुट्टी. नुसती पुट्टी भरलीत तर पुढच्या उन्हाळ्यात तीच रेघ परत येईल. झिरीच्या मधोमध तडा, आणि तो गीझर चालू असताना रुंदावतो : गरम पाइप जखडलेला आहे, तिथे वरवरची भरणी टिकत नाही, एल्बोभोवतीचा भाग उघडून मोकळीक द्यावी लागते. सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे : मसाला श्रीमंत, म्हणजे सिमेंट जास्त, किंवा तराई अपुरी. वाजवून पोकळ नसेल, तर घासून प्रायमर मारला की काम भागतं.

रंग फुगला, पोपडा धरला, बोटाला ओल लागली, तर भिंतीला हात लावण्याआधी सगळे नळ बंद करा, गच्चीवरचा त्या लाइनचा वॉल्व्ह उघडा ठेवा, टाकीत येणारं पाणी अडवा आणि रात्रभर टाकीची पातळी पाहा. ती उतरली, तर गळती लाइनमध्येच आहे. मग प्रेशर टेस्ट पुन्हा करून घ्या आणि टेपसकट काढलेला फोटो समोर धरून जवळच्या सांध्यापाशीच भिंत उघडा.